पोटाचा प्रश्न



ह्या व्याख्यानमालेचे चिटणीस महिन्यापूर्वी आमच्या युनियनच्या कचेरीत आले, तेव्हा त्यांची अशी समजूत होती की आम्ही नव्या कामगार-संहितांवर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलणार. आम्ही विषय सांगितला, 'पोटाचा प्रश्न'. त्यांनी तो लगेच वहीत टिपून घेतला आणि समाधानाने चहा प्याले. मग आम्ही खुलासा केला की पोट म्हणजे खरोखरीचेच पोट, त्यातली आतडी, आतड्यांतले जंतू आणि त्या जंतूंचा माणसाच्या मनाशी असलेला संबंध. तेव्हा त्यांच्या हातातला कप जरा वरच थांबला. "म्हणजे आपण ह्या विषयातले..." एवढे बोलून ते भिडेने गप्प राहिले. त्यांचे वाक्य आम्हीच पुरे करतो. आम्ही ह्या विषयातले कोणी नव्हे. १९८२ च्या संपात वडिलांची गिरणी बंद पडली आणि आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते रात्रशाळेत, सार्वजनिक वाचनालयात आणि पाठपुठ्ठा गेलेल्या एका इंग्रजी-मराठी कोशाच्या आधाराने झाले. आमचे एक डॉक्टर स्नेही आमचे टिपण वाचून तांबड्या शाईने दुरुस्त करून देतात. आजचेही दिले आहे. तरी चूक उरली तर ती आमची.

ह्या विषयाकडे आम्ही हौसेने वळलो नाही. एका माणसाने आम्हांला तिकडे नेले, तेव्हा प्रथम त्याची हकीकत सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात पावसाळ्याच्या सुरुवातीला पिण्याच्या पाण्याची टाकी बिघडली. दोन दिवसांत निम्मी पाळी जुलाबाने आडवी झाली. आठवड्याभरात बहुतेक सगळे कामावर परतले आणि प्रकरण मिटले असे सर्वांनी धरले. आमचा एक सोबती मात्र परत आला तो बरा होऊन आला नाही. पोटात कळ यायची, दिवसातून पाचसहा वेळा पळावे लागायचे, मध्येच दोन दिवस काहीच नाही. त्या खात्यात संडासाला जायचे तर मुकादमाकडून पितळी बिल्ला घ्यावा लागे, आणि चाळीस माणसांत बिल्ले दोन. बिल्ला दुसऱ्याकडे असला की हा घामाघूम होऊन मशीनपाशी उभा. हळूहळू असे झाले की बिल्ला नुसता खुंटीवर दिसला नाही तरी त्याच्या पोटात कळ उठे. तपासण्या झाल्या, दुर्बीण घालून पाहणी झाली, सगळे अहवाल निर्दोष. डॉक्टर म्हणाले, मानसिक आहे. व्यवस्थापक म्हणाले, कामचुकारपणा आहे. तो आमच्याकडे आला. आणि आम्ही, ज्यांनी त्याची बाजू घ्यायची, आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "अरे, मन घट्ट कर." त्या वर्षीच्या मागणीपत्रकात संडासांचे कलम सातवे होते. पगाराच्या तडजोडीत ते आम्हीच सोडून दिले. पुढे चार महिन्यांनी त्याने हिशेब घेतला आणि गाव गाठला.

ही गोष्ट आम्ही विसरलोही असतो. पण एका संध्याकाळी वाचनालयात एक लेख हाती लागला आणि आम्ही पानावर बोट ठेवून कितीतरी वेळ तसेच बसलो.

कॅनडा देशात ऑंटेरिओ प्रांतात वॉकर्टन नावाचे पाच हजारांच्या आतबाहेर वस्तीचे एक शेतकरी गाव आहे. २००० सालच्या मे महिन्यात तेथे जोराचा पाऊस झाला. एका शेतातले गुरांचे शेण पाण्याबरोबर झिरपून गावाला पाणी पुरवणाऱ्या विहिरीत उतरले. विहिरीच्या पाण्यात क्लोरिन पुरेसे पडत नव्हते, आणि ज्यांनी ते मोजायचे ते न मोजताच वहीत आकडे भरीत होते. सुमारे २३०० माणसे आजारी पडली, सात दगावली. पुढे न्यायमूर्ती ओकॉनर ह्यांची चौकशी बसली. तिच्यात आणखी एक गोष्ट उजेडात आली. पाणी तपासण्याच्या सरकारी प्रयोगशाळा काटकसरीसाठी १९९६ साली बंद करून ते काम खाजगी प्रयोगशाळांकडे गेले होते, आणि दोष सापडला तर आरोग्य अधिकाऱ्याला कळवलेच पाहिजे असे बंधन त्यांच्यावर कोणी घातलेले नव्हते. काटकसर कोठे होते आणि तिची किंमत कोठे चुकवली जाते, हे आमच्यासारख्यांना नवे नाही. तो विषय येथेच सोडतो.

आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढेच आहे. तेथील वैद्यांनी गावाला वाऱ्यावर सोडले नाही. दोनहून अधिक हजार माणसांची दोनतीन वर्षांनी पुन्हा रीतसर विचारपूस केली. ज्यांना त्या वेळी जुलाब झालाच नव्हता, त्यांच्यात शंभरी दहा जणांना पोटाची ती रेंगाळणारी व्याधी होती. पोट दुखणे, कधी जुलाब, कधी कोंडणे, आणि तपासणीत काहीच न सापडणे. मात्र ज्यांचा जुलाब वैद्यकीयदृष्ट्या नोंदला गेला होता, त्यांच्यात ते प्रमाण शंभरी छत्तीस निघाले. आठ वर्षांनी पाहिले तेव्हा ते बरेच उतरले होते, तरी इतरांहून जास्तच होते. म्हणजे आमच्या सोबत्याने काही ढोंग रचले नव्हते. घाणेरड्या पाण्याने सुरू झालेली, जगात इतरत्र शेकडो लोकांना झालेली ती व्याधी होती.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण फक्त सोयीचे पुरावे दाखवणे हे वकिलाचे काम आहे, व्याख्यात्याचे नव्हे. वॉकर्टनमध्ये ही व्याधी कोणाची रेंगाळली, हे तपासताना असे दिसले की ज्यांना आधीपासून चिंता वा उदासी होती त्यांच्यात ती अधिक टिकली. म्हणजे डॉक्टरांचे 'मानसिक आहे' हे अगदीच खोटे नव्हते. मग खरे काय? ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या पेनरिथ भागात बारा वर्षे लोकांचा पाठपुरावा करून २०१२ साली ह्याचे उत्तर प्रसिद्ध झाले. आधी फक्त चिंता असलेल्या काही माणसांना पुढे पोटाची व्याधी जडली, आणि आधी फक्त पोटाची व्याधी असलेल्या काही माणसांना पुढे चिंता जडली. रस्ता दोन्ही बाजूंनी चालू आहे. 'पोटाचे की मनाचे' हा प्रश्नच चुकीचा मांडलेला होता.

आमच्या मराठी भाषेला हे जणू केव्हाच ठाऊक होते. भीतीने आपल्या पोटात गोळा येतो, बातमी ऐकून पोटात धस्स होते, लेकरासाठी आतडे तुटते, अपमान आपण पोटात घालतो. सभेत कोणी कळवळून बोलला तर तो पोटतिडकीने बोलला म्हणतात. पण श्रोतेहो, म्हण हा पुरावा नव्हे. लोकांनी अनुभव घेतला एवढेच तिच्यावरून सिद्ध होते. कारण शोधायला कोणीतरी आत डोकवावे लागते.

आणि एकाने खरोखरच आत डोकावून पाहिले. १८२२ सालच्या जूनमध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर, एका फर-कंपनीच्या दुकानात, बंदुकीचा बार चुकून उडाला आणि ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या जवान हमालाच्या कुशीत शिरला. होड्या वल्हवून कातड्यांचे गठ्ठे वाहणारा हा मनुष्य. विल्यम बोमाँट ह्या लष्करी शल्यवैद्याने त्याला वाचवले, पण जखमेचे तोंड कायमचे उघडे राहिले. त्यातून थेट जठरात पाहता येई. बोमाँटने रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून ते आत सोडावे, ठरावीक वेळाने ओढून काढावे, आणि काय विरघळले ते लिहून ठेवावे. १८३३ साली त्याचे पुस्तक निघाले. त्यात त्याने नोंदले आहे की सेंट मार्टिन रागावला की त्याचे पचन बिघडे. मनाचा परिणाम पोटावर होतो हे डोळ्यांनी पाहून लिहिणाऱ्यांत बोमाँटला मान आहे, आणि तो रास्तच आहे. पण तो राग कशाचा होता, हे कोणी विचारीत नाही. हा मनुष्य बोमाँटच्या घरी लाकडे फोडी, पडेल ते काम करी, आणि प्रयोगासाठी आपले पोट वर्षाला दीडशे डॉलर आणि जेवणखाण ह्या कराराने भाड्याने देई. संधी मिळताच तो बायकोमुलांत पळूनही गेला. १८८० साली तो वारला, तेव्हा वैद्यांनी पुन्हा पोट फाडू नये म्हणून घरच्यांनी प्रेत मुद्दाम सडू दिले आणि खोल खड्ड्यात पुरले. विज्ञानाच्या इतिहासात त्याचे नाव राहिले हे खरे. पण आम्हांला ह्या सगळ्या प्रकरणात तो खोल खड्डाच अधिक आठवतो.

पोटातून मेंदूकडे काय जाते, हे कळायला आणखी शंभर वर्षे गेली. १८९९ साली लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग ह्या दोघांनी दाखवले की कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या तरी आतडे अन्न पुढे ढकलण्याचे काम चालूच ठेवते. म्हणजे मेंदूचा हुकूम न येताही काम चालते. आतड्याच्या भिंतीतच मज्जापेशींचे जाळे आहे, आणि त्यांची संख्या दहा कोटींहून अधिक धरतात. लँग्ले ह्या शास्त्रज्ञाने १९२१ साली त्या जाळ्याला स्वतंत्र नाव दिले. आमच्या भाषेत सांगायचे तर आतडे हे स्वायत्त खाते आहे. मेंदूची कचेरी वर आहे, परंतु रोजचा कारभार खालीच चालतो. दोघांच्या मध्ये व्हेगस नावाची लांबलचक नस आहे. तिच्या दर पाच धाग्यांपैकी चार खालून वर बातमी नेणारे आहेत, वरून हुकूम आणणारा एकच! हे वाचले तेव्हा आम्हांला फार बरे वाटले. आमच्या कारखान्यांत नेमके उलटे असते.

आता ह्या दोघांच्या मध्ये जो तिसरा पक्ष आहे, त्याच्याकडे येतो. जंतू. त्यांना प्रथम पाहिले तो कोणी विद्यापीठाचा पंडित नव्हता. हॉलंडातल्या डेल्फ्ट गावचा लेव्हेनहुक हा कापडाचा व्यापारी. लॅटिन येत नव्हते, भिंगे स्वतः घासून करी. १६८१ साली पोट बिघडले असता त्याने आपलाच मळ भिंगाखाली धरला आणि त्यात हलणारे जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिले. शाळा न शिकलेल्या माणसाला लाज कमी असते, तिचा असा उपयोग होतो.

आपल्या अंगावर आणि अंगात मिळून हे जंतू किती? पूर्वी पुस्तकांत असे की शरीराच्या पेशींच्या दहापट. २०१६ साली इस्राएलमधल्या संशोधकांनी हिशेब पुन्हा तपासला, तेव्हा निघाले ते असे : पेशी सुमारे तीस लाख कोटी, जंतू सुमारे अडतीस लाख कोटी, आणि त्या सगळ्या जंतूंचे वजन पावशेराहूनही कमी. दहापटीचा तो आकडा कित्येक वर्षे एकाने दुसऱ्याचा उतरवून घेतलेला होता. मोठी माणसेही हजेरीपट तपासल्याशिवाय सही करतात, एवढाच त्याचा अर्थ.

बहुतेक बिऱ्हाड मोठ्या आतड्यात असते. भाकरीतला कोंडा, भाजीचे धागे, डाळीची साले, जे आपल्याला पचत नाही ते हे जंतू आंबवतात आणि त्यातून जी सौम्य आम्ले तयार होतात, त्यांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते. आतडे सेरोटोनिन नावाचे एक द्रव्य करते. मेंदूत ह्याच द्रव्याचा संबंध मनाच्या उल्हासाशी लावतात, आणि शरीरातल्या एकूण साठ्यापैकी नऊ-दशांश आतड्यात असतो. २०१५ साली कॅलिफोर्नियात दाखवले गेले की जंतू नसलेल्या उंदरांच्या आतड्यात हे द्रव्य कमी तयार होते. मात्र येथे पुष्कळ लोक उडी मारून म्हणतात, मग आनंद पोटातच पिकतो. तसे नाही. आतड्यातले सेरोटोनिन मेंदूत शिरू शकत नाही. मध्ये कुंपण आहे. ते काम करते ते आतड्याच्या हालचालीवर आणि नसांच्या टोकांवर. बातमी जाते, माल जात नाही.

जंतूंचा मनाशी संबंध आहे असे खणखणीतपणे दाखवणारा प्रयोग जपानात क्यूशू विद्यापीठात झाला. २००४ साल. जन्मापासून एकही जंतू शिवू न दिलेले उंदीर घेतले आणि त्यांना थोडा वेळ कोंडून धरले. साध्या उंदरांपेक्षा त्यांच्या रक्तात तणावाचे द्रव्य फार अधिक चढले. त्यांच्या पोटात लहानपणीच एका जातीचे निरुपद्रवी जंतू सोडले तर हा दोष जाई. वय वाढल्यावर जंतू देऊन तेवढा उपयोग होत नसे. २०११ साली आयर्लंडातल्या कॉर्क शहरातून बातमी आली की एका जातीचे दह्याच्या कुळातले जंतू चारल्यावर उंदीर कमी भित्रे झाले, आणि व्हेगस नस कापली तर हा परिणाम नाहीसा झाला. म्हणजे तारेवरून निरोप जात होता, तार तोडली की निरोप बंद.

ह्यावर बाजारात काय धुमाकूळ झाला असेल ह्याची कल्पना आपण करू शकता. मन शांत करणाऱ्या पुड्या आणि गोळ्या दुकानोदुकानी मांडल्या गेल्या. पण त्याच कॉर्कच्या लोकांनी तेच जंतू २९ निरोगी पुरुषांना देऊन पाहिले, आणि २०१७ साली कबूल केले की माणसांत काहीही फरक पडला नाही. ह्या कबुलीबद्दल आम्हांला त्या मंडळींविषयी पहिल्या शोधाहूनही जास्त आदर वाटतो. करार मोडला हे जाहीर सभेत सांगायला छाती लागते. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. मेश्निकॉफसारखा थोर शास्त्रज्ञ, १९०८ सालच्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी, तोसुद्धा आंबट दुधाने म्हातारपण लांबते ह्या कल्पनेच्या इतका नादी लागला की त्याच्या बोलण्याने पॅरिसकर आंबट दूध पिऊ लागले. तो स्वतः एकाहत्तराव्या वर्षी गेला. आपण विचाराल, तर दही-ताक खावे की नाही? अवश्य खावे. उन्हाळ्याचे दिवस आहेत, ताकासारखे दुसरे काही नाही. पण त्यातले जंतू बहुधा वाटसरू असतात, बिऱ्हाड करून राहात नाहीत, आणि दिवसाला दोन बिल्ल्यांची धास्ती ताकाने जाणार नाही.

तरी, माणसांतला पक्का पुरावा काहीच नाही का? आहे, आणि तो जुना आहे. आमच्या चाळीतला एक साथी दारूने यकृत गमावून बसला होता. शेवटच्या वर्षी तो दिवसा झोपे, रात्री जागे, बायकोला भलत्याच नावाने हाक मारी, आणि हात पुढे धरायला सांगितले की पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडत. शेजारच्या बायका म्हणाल्या, बाहेरचे आहे. लिंबू झाले, अंगारा झाला. सरकारी इस्पितळातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईने एक गोड पातळ औषध सुरू केले, आणि पोट साफ होऊ लागल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने आम्हांला ओळखून बिडी मागितली. हे भूत आतड्यातले होते. जंतू अन्नातून अमोनिया तयार करतात, धडधाकट यकृत तो गाळून टाकते. यकृत बसले की तो मेंदूवर चढतो. १९५० नंतरच्या दशकातच डॉक्टरांनी जंतुनाशक औषध पोटात देऊन अशा रोग्यांना शुद्धीवर आणले होते, आणि हे गोड औषध, लॅक्ट्युलोज, १९६६ पासून वापरात आहे. आमचा साथी पुढे वाचला नाही. पण त्याची बायको आजही सांगते की शेवटचे काही आठवडे तिला तिचा माणूस परत मिळाला होता.

आमच्या सोबत्याच्या बाबतीत जंतूंची घडी मोडली, की आतड्याच्या नसा हुळहुळ्या झाल्या, की धास्तीने दोन्ही केले, ह्याचा वाटा आम्ही वेगळा काढून देऊ शकत नाही. शिवाय त्याची पाळी दर आठवड्याला बदलत असे. अमेरिकेत मिशिगनमध्ये परिचारिकांची पाहणी झाली, तीत पाळी फिरती असणाऱ्यांत ही पोटाची व्याधी दिवसपाळीवाल्यांहून अधिक निघाली. तो अहवाल २०१० सालचा आहे. जंतूंचेही दिवसरात्रीचे वेळापत्रक असते आणि आपले झोपेजेवणाचे ताळतंत्र सुटले की त्यांचेही सुटते, हे चार वर्षांनी इस्राएलमध्ये दिसले. पाणी, पाळी, बिल्ला. १९४८ च्या कारखाना कायद्यात पिण्याच्या पाण्याचे कलम अठरावे होते आणि संडासांचे एकोणिसावे, एकाशेजारी एक. कायदा करणाऱ्यांना हे शेजार कळले होते. आम्ही मात्र एकोणिसावे कलम पंचवीस वर्षे क्षुल्लक समजत आलो.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही त्या सोबत्याच्या गावी गेलो. त्याने पिठाची गिरणी घातली आहे. आम्ही वॉकर्टनची हकीकत सांगितली, आणि तुला मन घट्ट कर म्हणालो ते आमचे चुकले, हेही सांगितले. तो पट्टा चढवीत होता. हात न थांबवता म्हणाला, "अण्णा, इथं संडास दहा पावलांवर आहे. निम्मं पोट तेवढ्यानंच बरं झालं." उरलेल्या निम्म्याचे विचारले, तर म्हणाला, ते आहे, येते-जाते, पण आता कोणी खोटारडा म्हणत नाही.

ह्या वर्षीच्या मागणीपत्रकात बिल्ले बंद करण्याचे आणि संडास वाढवण्याचे कलम सातवे नाही, पहिले आहे. पहिल्याच बैठकीत मालकांच्या वकिलाने विचारले, पगाराच्या आधी हे कशाला? आम्ही वॉकर्टनच्या लेखाची नक्कल काढून नेलीच होती, ती त्यांना वाचायला दिली. पुढच्या दोन बैठका झाल्या. नक्कल त्यांनी अजून परत केलेली नाही.